चार फूट चार इंचांचा बाजा

पियानोला पांढऱ्या पट्ट्या बावन्न असतात आणि काळ्या छत्तीस. हा आकडा मला सगुणाबाई साळवे यांनी सांगितला. त्यांना तो पुसून पुसून ठाऊक झाला होता. मिशनच्या बंगल्यात त्या एकोणीस वर्षं स्वयंपाकाला होत्या. भांडी झाली की ओल्या फडक्याने खिडक्या आणि कोरड्या फडक्याने पियानो पुसायचा, असा तिथल्या मडमबाईंचा नियम होता. सगुणाबाई प्रत्येक पट्टी वेगळी पुसत आणि पुसताना मोजत. शेवटी आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरुवात. मी पुढे सारा जन्म मोजणी खात्यात काढला, पण इतकी चोख मोजणी खात्यातही फार थोड्यांची पाहिली.

मी त्यांना भेटलो ते दुष्काळाच्या वर्षी. बहात्तरच्या नोव्हेंबरपासून त्र्याहत्तरच्या जूनपर्यंत, म्हणजे एकूण आठ महिने. मी पंचवीस वर्षांचा होतो. तिसगावपासून चार मैलांवरच्या एका गावात मिशनचं आवार होतं. गोरे मिशनरी दोन वर्षांपूर्वी मायदेशी गेले होते आणि आवार, शेत, विहीर, बंगला, चर्च ही सगळी मिळकत गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या नावावर व्हायची होती. त्याची मोजणी करून नकाशे काढायचं काम माझ्याकडे आलं. राहायला आवारातच एक खोली मिळाली आणि जेवणाची सोय सगुणाबाईंकडे झाली.

पहिल्या दिवशी जेवायला गेलो तेव्हा त्यांच्या पडवीत सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर एक लांब फळी ठेवलेली दिसली. मी टेकायला गेलो तर त्या चुलीपुढूनच म्हणाल्या, "तितं बसू नका मोजनीसाहेब. बाजा हाय त्यो."

मी नीट पाहिलं. फळीवर चुन्याने पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये बाभळीच्या लाकडाचे काळे तुकडे खिळ्यांनी ठोकले होते. बावन्न आणि छत्तीस. समोर भिंतीला टेकवून गीतांचं जाड पुस्तक ठेवलेलं, त्यात शब्दांच्या वर पाच रेघांवर स्वर छापलेले. मी विचारलं, हा वाजतो कसा? त्या म्हणाल्या, वाजत नाही, शिकवतो.

त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असावं. अंगाने किरकोळ, आवाजाने नव्हे. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहत, मग तो चर्चचा पाळक असो की फौजदार. कोणी "तुम्हांला कळायचं नाही" म्हटलं की त्या ताबडतोब खाली बसत आणि म्हणत, "मग सांगा की. मला येळ हाय." त्यांना काही कळणार नाही असं म्हणणारी माणसं सहसा तिथून उठून जात.

त्या वाचायला शिकल्या त्याची हकीकत त्यांनीच सांगितली. मडमबाई पियानो वाजवत तेव्हा सगुणाबाई शेजारी उभ्या राहून पानं उलटत. पान संपत आलं की मडमबाई मान हलवायच्या आणि या उलटायच्या. चार-पाच वर्षं असंच चाललं. एका रविवारी मडमबाईंची मान अवघडली होती, हलेना. तरी पान नेमकं वेळेवर उलटलं गेलं. बंगल्यातली उपासना झाल्यावर त्यांनी विचारलं, तुला कसं कळलं? या म्हणाल्या, टिकल्या संपल्या म्हणून. मडमबाईंनी पुस्तकातल्या एका टिकलीवर, म्हणजे छापलेल्या एका स्वरावर, बोट ठेवलं. सगुणाबाईंनी तो स्वर गाऊन दाखवला. मग दुसऱ्या टिकलीवर, मग तिसऱ्या. त्या दिवसापासून मडमबाईंनी त्यांना वाचायला रीतसर शिकवलं, पण वाजवायला बसवलं नाही.

मी विचारलं, तुम्ही मागितलं नाही?

"न्हाई मागितलं. मला वाटायचं, वाजवनाऱ्याचे हातच येगळे असत्यात. मडम गेल्यावर कळलं, हात समद्यांचे सारखेच. पट्ट्या तेवढ्या कुलपात असत्यात."

कुलूप होतं ही खरी गोष्ट. मडमबाई जाताना पियानो मंडळीला देऊन गेल्या होत्या. तो चर्चमध्ये आणून ठेवला होता, झाकणाला कुलूप घालून. किल्ली मंडळीचे मुख्य पंच शमुवेलराव यांच्या घड्याळाच्या साखळीत असे. शमुवेलराव निवृत्त हेडमास्तर, अत्यंत शिस्तीचे. उपासनेत कोणी खोकलं तरी मागे वळून पाहायचे. सगुणाबाईंनी दोनदा किल्ली मागितली होती. दुसऱ्या वेळी शमुवेलराव चारचौघांत म्हणाले, "सगुणा, पियानो वाजवणं म्हणजे भाकरी थापणं नव्हे."

"न्हाईच," त्या म्हणाल्या. "भाकरीला अक्कल लागती. हितं नुसतं लिवलेलं वाचायचं."

किल्ली अर्थातच मिळाली नाही. त्यानंतर आठ दिवसांनी त्यांनी सुताराकडून फळी करून घेतली.

मी गेलो तेव्हा त्यांच्याकडे दोन शिष्य होते. एक देवदान शिंपी, चाळिशीचा, गावात एकच शिलाई मशीन होतं ते त्याचं. दुसरी यमुना, बावीस वर्षांची, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी. ती संध्याकाळी पाचला कामावरून येई. बोटांना चिरा पडलेल्या असत. सगुणाबाई आधी तिच्या बोटांना तेल लावत आणि मग फळीपुढे बसवत. त्यांची शिकवण्याची भाषा त्यांचीच होती. पाच रेघा म्हणजे दोऱ्या. टिकली पोकळ असली की जास्त थांबायचं, भरीव असली की कमी, शेपटीवाली असली की थांबायचंच नाही. पानाच्या सुरुवातीला आडव्या-उभ्या रेघांचं जे चिन्ह असतं ते कुंपण. "आदी कुंपनं किती ते मोजा. कुंपन न बघता शेतात घुसायचं न्हाई."

फळीला आवाज नव्हता म्हणून आवाज त्या स्वतः करत. बोट पट्टीवर पडलं की त्या तो स्वर तोंडाने म्हणत. चुकीच्या पट्टीवर पडलं तर चुकीचा स्वर म्हणत, तोही चोख. पण एका तोंडाने दोन हातांचे स्वर एकदम म्हणता येत नाहीत, म्हणून म्हटला जाई तो फक्त उजवा हात. स्वतःचा डावा हात त्या तिघांनीही कधी ऐकलेला नव्हता. देवदान मला एकदा म्हणाला, "डावा हात म्हंजे आमचा देवावर भरवसा."

फेब्रुवारीत पंचांची सभा झाली. मी नकाशे दाखवायला गेलो होतो म्हणून हजर होतो. शमुवेलरावांनी ठराव मांडला की पियानो पुण्याच्या एका कुटुंबाला देऊन टाकावा. त्या बदल्यात ते कुटुंब चर्चच्या छपराला नवे पत्रे घालून देणार होतं. जुने पत्रे गंजून चाळण झाले होते, हे मी मोजणीच्या वेळी पाहिलं होतं. शमुवेलरावांचं म्हणणं सरळ होतं. आपल्याकडे पेटी आहे, ढोलकी आहे, पियानो वाजवणारं गावात कोणी नाही, तर ते धूड कशाला सांभाळायचं? यात मला तरी गैर काही दिसलं नाही.

सगुणाबाई मागच्या बाकावरून उठल्या. "पावसाचा पत्ता न्हाई आन् पत्र्याची एवढी घाई? वाजवनारे हायत गावात. तिघं."

कोणीतरी हसलं. शमुवेलराव हसले नाहीत. ते म्हणाले, बरं, मे महिन्यात पत्र्यांचं ठरवायचं आहे, तोवर तिघं दाखव. पुस्तक आम्ही उघडू, जे पान येईल ते समोर बसून वाचून वाजवायचं, पाठ केलेलं चालणार नाही. नगरहून एका जाणत्या संगीत मास्तरांना बोलावू, ते सांगतील खरं काय ते. तिघांनी वाजवलं तर पियानो राहील. "माझा शब्द," असं ते शेवटी म्हणाले. मी ते माझ्या वहीत लिहून घेतलं होतं. सवय.

एप्रिलमध्ये चर्चच्या आतली मोजणी आली. खांब, खिडक्या, बाकं झाल्यावर आतल्या सामानाच्या यादीसाठी शमुवेलरावांनी पियानोचं झाकण उघडून दाखवलं. पट्ट्या मोजायचं मला कारण नव्हतं, पण टेप हातात होती. बावन्न पांढऱ्या पट्ट्या मिळून भरल्या सव्वाअठ्ठेचाळीस इंच. मी पुन्हा मोजलं. सव्वाअठ्ठेचाळीसच. सगुणाबाईंची फळी मी पूर्वी सहज मोजली होती. ती बावन्न इंच, चार फूट चार इंच. सुताराने एका पट्टीला सरळ एक इंच धरला होता. एका पट्टीत फरक जेमतेम अर्ध्या सुताचा, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाचा, डोळ्याला कळणार नाही. पण एका पट्टीवरून तिच्यापुढच्या आठव्या पट्टीवर उडी मारायची तर बोट अर्धा इंच पुढे पडणार, म्हणजे चक्क दोन पट्ट्यांच्या फटीत.

हे सांगावं की न सांगावं याचा मी दोन दिवस विचार केला. परीक्षेला अठरा दिवस होते. शेवटी जेवताना सांगितलं.

त्यांनी भाकरी तव्यावरच ठेवली. "तुमची टेप खोटी आसंल."

मी म्हटलं, टेप सरकारी आहे. त्या म्हणाल्या, मग तर नक्कीच. देवदानकडून त्यांनी जाड दोरा आणला, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हा घेऊन जा, पहिल्या पट्टीला टोक धरा, शेवटच्या पट्टीला गाठ मारा. मी यादीसाठी खिडक्यांची आणि सामानाची मापं पुन्हा घ्यायची आहेत असं सांगून चर्च आणि पियानोचं झाकण उघडून घेतलं. नोकरीतलं माझं हे पहिलं खोटं आणि बहुधा शेवटचं. दोरा आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो फळीवर ताणला. गाठ पावणेचार इंच अलीकडे पडली.

देवदान आणि यमुना दोघंही तिथे होते. चौदा महिने त्यांची बोटं चुकीच्या अंतरावर पडायला शिकली होती. यमुना रडवेली झाली. देवदान म्हणाला, बाई, संपलं आपलं.

सगुणाबाईंनी फळी उचलली आणि भिंतीशी उभी केली. "बाज्याच्या पट्ट्या हालायच्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "बोटं हालत्यात. बोटं आपली हायत. आखडा."

त्या संध्याकाळी मी नकाशाच्या ट्रेसिंग कापडावर पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या काढल्या, खऱ्या मापाने, एकाला एक. कापड मी नगरहून स्वतःसाठी आणलेलं होतं, खात्याचं नव्हे. सगुणाबाईंनी ते फळीच्या मागच्या बाजूला खळीने चिकटवलं आणि उरलेले सतरा दिवस तिघंही त्यावर बसले. आभार वगैरे त्यांनी मानले नाहीत. एवढंच म्हणाल्या की काळ्या पट्ट्या तुम्ही जरा फिक्या काढल्यात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तासभर खऱ्या पियानोवर बसायची परवानगी मिळाली. यमुनाने पहिली पट्टी दाबली, आवाज आला, आणि तिने तव्याला लागल्यासारखा हात मागे घेतला. सव्वा वर्षात तिच्या बोटाखालून आवाज आलेला नव्हता. देवदानचं वेगळंच झालं. पियानोला खाली पाय ठेवायला दोन पितळी पेडल असतात. पेडल दिसल्यावर त्याचा पाय थांबेचना. मशीन चालवल्यासारखा तो ते एकसारखं खाली-वर हलवू लागला आणि आतून धाडधाड आवाज येऊ लागला. सगुणाबाईंनी आपला पाय त्याच्या पायावर ठेवला. "देवदान, शिवू नको. वाजव."

परीक्षा रविवारी उपासनेनंतर झाली. पाच पंच, नगरचे मास्तर, आणि बाकीची मंडळी बाकांवर. यमुनाने वाजवलं, देवदानने वाजवलं, थोडं अडखळत पण न थांबता. शेवटी सगुणाबाई बसल्या. शमुवेलरावांनी पुस्तकाच्या मधलं एक कठीण पान काढलं. त्या वाजवू लागल्या. मध्येच काही ठिकाणी स्वर गायब होत होता. ओळ चालू आहे, आणि एकदम भोक. दोन-तीन वेळा असं झाल्यावर शमुवेलरावांनी हात वर केला आणि म्हणाले की स्वर गळतायत.

त्या वाजवायच्या थांबल्या नाहीत. वाजवता वाजवताच म्हणाल्या, "म्या दाबलीया. आवाज देनं बाज्याचं काम हाय."

नगरचे मास्तर उठले, शेजारी जाऊन उभे राहिले आणि पुस्तकातल्या ओळीवर बोट फिरवत त्यांच्या हातांकडे पाहू लागले. गीत संपल्यावर त्यांनी स्वतः तीन पट्ट्या दाबून दाखवल्या. तिन्ही मुक्या. उन्हाळ्याने लाकूड सुकून आतले भाग अडकले होते. मास्तर पंचांना म्हणाले, या बाईंनी जे लिहिलं आहे ते, तसंच्या तसं, एकही न चुकता दाबलं. आवाज न आल्यावर माझ्यासारखा माणूस गडबडला असता, या गडबडल्या नाहीत. चौदा महिने मुक्या फळीवर बसलेल्या बाईला तीन मुक्या पट्ट्यांचं काय, हे मास्तरांना माहीत नव्हतं.

एवढं झाल्यावर पियानो राहायला हवा होता. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात कळलं की शनिवारी पुण्याहून ट्रक येणार आहे. शमुवेलरावांनी पुण्याच्या कुटुंबाला फेब्रुवारीतच होकार कळवला होता. तिघं पास होतील असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि त्यांचा शब्द वाचून दाखवला. त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन ते पुन्हा वाचलं. मग म्हणाले, तो शब्द घरातला होता, हा बाहेर दिलेला आहे.

हे मी सगुणाबाईंना सांगितलं. मला वाटलं त्या भडकतील. त्यांनी फक्त विचारलं की उचलायला माणसं कुठली. मी म्हटलं, गावातलीच, सहाजण. त्या म्हणाल्या, "म्हंजे आपल्या मंडळीतली. बरं."

शनिवारी सकाळी नऊला ट्रक आला. सहा माणसं दोर आणि वासे घेऊन चर्चमध्ये शिरली, बरोबर शमुवेलराव आणि मी. झाकण उघडं होतं. परीक्षेनंतर कुलूप लावायला कोणी धजलं नव्हतं. स्टुलावर सगुणाबाई बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना देवदान आणि यमुना. आम्ही आत पाऊल टाकलं आणि त्यांनी गीत सुरू केलं. पुस्तकातलं पहिलं.

इथे त्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. गीत सुरू झालं की सगळ्यांनी उभं राहायचं, टोपी काढायची, हातातलं खाली ठेवायचं. गीताच्या शेवटी पियानोवर किंवा पेटीवर "आमेन" वाजतो, तो वाजेपर्यंत कोणी हलायचं नाही. ही शिस्त त्या गावात शमुवेलरावांनीच लावलेली होती. महिन्याभरापूर्वी त्यांनी एका म्हाताऱ्याला गीत चालू असताना बसला म्हणून सर्वांदेखत उठवलं होतं.

सहाजणांनी दोर खाली ठेवले आणि टोप्या काढल्या. एकदोघे गाऊ लागले. शेवटचं कडवं संपलं आणि आमेनच्या जागी सगुणाबाईंनी दुसरं गीत सुरू केलं. मग तिसरं. शमुवेलरावांच्या ध्यानात आलं तेव्हा चौथं चालू होतं. ते पियानोजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, सगुणा, आमेन.

"पुस्तकात पुढं आजून हाय," त्या म्हणाल्या.

त्यांनी झाकण ओढून बंद केलं असतं तर कोणी अडवलं नसतं. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. हात पुढे आला आणि परत गेला. मग तेही टोपी काढून उभे राहिले.

सव्वीस गीतं झाल्यावर सगुणाबाई डावीकडे सरकल्या, उजवीकडून देवदान बसला, आणि त्यांचं कडवं संपतं तिथून त्याचं सुरू झालं. मध्ये श्वासाएवढीही फट नाही. त्याच्यानंतर यमुना. तिघांनी पाळ्या लावल्या. एक वाजवी तेव्हा दुसरा पाणी पिई. बारा वाजता ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्याला आत येऊन काय चाललंय ते विचारायचं होतं, पण दारात त्यालाही कोणीतरी चपला काढायला लावल्या आणि तोही उभा राहिला. दुपारी बायका आल्या. पाच वाजता खडीवरून माणसं आली, अंगावर पांढरी धूळ, आणि बाकांच्या मधे उभी राहून गाऊ लागली. मी गीतं मोजत होतो. ज्या गीतांची चाल यमुनाला कठीण जाई ती गीतंही ती सोडत नसे, हळू वाजवी. तीन मुक्या पट्ट्यांच्या जागी माणसं स्वर भरत होती.

सहाला दहा मिनिटं कमी असताना ड्रायव्हर बाहेर गेला. उजेडात घाट उतरायचा होता म्हणे. ट्रक सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, तो वळला, नगरच्या रस्त्याला लागला. तोवर एकशे एकोणीस गीतं झाली होती. माझी बदली झाली होती आणि मला सव्वासहाची एस.टी. पकडायची होती. मी ट्रंक घेऊन चर्चच्या दारात शेवटचं पाहायला थांबलो. स्टुलावर सगुणाबाई होत्या. पाठ ताठ, मान थोडी पुढे, पदर कमरेला खोचलेला. शमुवेलराव सकाळपासून उभे होते, एकदाही बसले नव्हते. ते वाकून म्हणाले, "सगुणा, आता आमेन वाजव. गेला ट्रक."

"गेला आसं तुमी म्हनताय," त्यांनी हात न थांबवता उत्तर दिलं. "आन् परत आला तर?"

आणि त्यांनी पुढचं गीत सुरू केलं.